इस्लामी पक्षांना एकाच मापाने मोजू नये

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सीरिया, बांगलादेश किंवा इराणची बातमी आली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या चर्चेत दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, सगळे एकाच माळेचे मणी. दुसरा म्हणतो, हे सगळे अमेरिकेचे डाव. दोन्ही सुरांत पुढे काही जाणून घ्यायची गरज उरत नाही. आम्ही काही अध्यापक हा विषय शिकवतो आणि त्यावरचे वाचन नियमित चालू ठेवतो. आमचे म्हणणे असे की, गेल्या शंभर वर्षांतल्या इस्लामी राजकीय चळवळी धर्मग्रंथाच्या अर्थावर जितक्या अडल्या, त्याहून जास्त त्या स्वतःच्या संघटनेच्या घडणीवर आणि रोजच्या कारभारावर अडल्या. धर्मप्रचार करणारी मूळ संघटना आणि निवडणूक लढवणारा पक्ष यांचे नाते काय, हरल्यावर पक्ष काय करतो, आणि निवडून आलेल्या सभागृहाच्या डोक्यावर कोण बसले आहे, हे विचारले की प्रत्येक देशाचे चित्र वेगळे दिसू लागते.

या विचाराचा एक मोठा प्रवाह आपल्याच दख्खनेतून निघाला आहे. अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ साली औरंगाबादचा. १९४१ मध्ये लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. सार्वभौमत्व ईश्वराचे, माणसाने केलेला कायदा दुय्यम, हा त्यांचा मूळ सिद्धांत. त्यातूनच संघटनेची रचना ठरली. आधी निवडक माणसे घडवायची, मग समाज, मग राज्य. म्हणून जमातमध्ये कोणीही पावती फाडून सदस्य होत नाही. आधी हितचिंतक, मग कार्यकर्ता, आणि बऱ्याच पारखणीनंतर ‘रुक्न’, म्हणजे पूर्ण सदस्य. अमीर, म्हणजे संघटनेचा प्रमुख, निवडण्याचा अधिकार या पूर्ण सदस्यांनाच. या चाळणीने शिस्तीची, प्रामाणिक समजली जाणारी फळी तयार होते, पण जनतेचा पक्ष होत नाही. पाकिस्तानच्या १९७० च्या निवडणुकीत जमातला राष्ट्रीय सभेच्या फक्त ४ जागा मिळाल्या. पश्चिमेत लोकांनी भुट्टोंच्या रोटी-कपडा-मकानला मत दिले आणि पूर्वेत मुजीब यांच्या स्वायत्तता मागणाऱ्या सहा कलमांना. मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशात मुसलमान मतदार धर्माच्या नावाने आपोआप मत देतो, ही समजूत तिथेच खोटी ठरली होती.

इजिप्तच्या मुस्लिम ब्रदरहुडचे उदाहरण आम्ही सविस्तर मांडतो, कारण काय काय बिघडू शकते ते सगळे तिथे एका वर्षात बिघडले. १९२८ मध्ये सुवेझ कालव्याच्या काठावरील इस्माइलिया गावात हसन अल-बन्ना या शाळामास्तराने ही संघटना काढली. तिचा पाया ‘उसरा’ नावाचा लहानसा गट. पाच-सात जण दर आठवड्याला भेटतात, वाचन करतात, एकमेकांची वागणूक तपासतात. पूर्ण सदस्य व्हायला काही वर्षे जातात, उत्पन्नातला ठराविक हिस्सा द्यावा लागतो, आणि वरच्यांचा आदेश मानणे ही पहिली अट. राष्ट्राध्यक्ष नासेर यांच्या काळात हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले, १९६६ मध्ये संघटनेचे विचारवंत सय्यद कुत्ब फासावर गेले, तरी संघटना मोडली नाही, ती या साखळीमुळे. सरकारी दवाखान्यात औषध नसेल तिथे ब्रदरहुडचा दवाखाना असे, भूकंपानंतर सरकारच्या आधी त्यांचे तंबू पोहोचत.

फेब्रुवारी २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुबारक यांची सत्ता गेली आणि हीच साखळी आड येऊ लागली. ‘स्वातंत्र्य आणि न्याय पक्ष’ काढला गेला, पण उमेदवार, पैसा आणि धोरण ठरत होते ते मूळ संघटनेच्या मार्गदर्शन मंडळात. आपण राष्ट्राध्यक्षपद लढवणार नाही असे संघटनेने जाहीर केले होते. अब्देल मोनेम अबुल फुतूह या ज्येष्ठ नेत्याने लढायचे ठरवले तेव्हा त्याची हकालपट्टी झाली. वर्षभरातच संघटनेने स्वतःचा उमेदवार उतरवला. संसदेत त्यांच्या आघाडीला ४९८ पैकी २३५ जागा होत्या, त्याहून कट्टर अशा सलाफी आघाडीला सुमारे एक चतुर्थांश. जून २०१२ मध्ये न्यायालयाने ती संसदच बरखास्त केली. त्याच महिन्यात मोहम्मद मोर्सी ५१.७ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. त्या मतांतली बरीचशी जुन्या राजवटीच्या माणसाला विरोध म्हणून पडलेली होती. संघटनेने मात्र तो आपल्या कार्यक्रमाला मिळालेला कौल मानला. आमच्या मते मूळ चूक हीच.

२२ नोव्हेंबर २०१२ रोजी मोर्सींनी आपले निर्णय न्यायालयाच्या कक्षेबाहेर असल्याचा आदेश काढला. घटना समितीतून ख्रिस्ती आणि धर्मनिरपेक्ष सदस्य आधीच बाहेर पडत होते, तरी घटना घाईने पुरी करून डिसेंबरमध्ये सार्वमताला टाकली. बाजूने सुमारे ६४ टक्के मते पडली, पण मतदानाला आले जेमतेम एक तृतीयांश लोक. त्याच डिसेंबरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ४.८ अब्ज डॉलरच्या कर्जासाठी करवाढ जाहीर झाली आणि काही तासांत मागे घेतली गेली, त्यासरशी कर्जही लांबले. पेट्रोल पंपावर रांगा, वीज जाते-येते, पर्यटक नाहीत. आणि जून २०१३ मध्ये लक्सर प्रांताचा राज्यपाल म्हणून अशा गटाचा माणूस नेमला, ज्या गटाचे नाव १९९७ च्या लक्सरमधील पर्यटक हत्याकांडाशी जोडलेले होते. पर्यटनावर पोट असलेल्या शहराला याहून मोठी चिथावणी कोणती? ३० जूनला लाखो लोक रस्त्यावर आले, ३ जुलैला लष्कराने सत्ता घेतली. १४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकात मोर्सी-समर्थकांचे धरणे मोडताना जे झाले त्यात किमान ८१७ माणसे मेल्याचे ह्युमन राइट्स वॉचने नोंदवले आहे. मोर्सींच्या चुका मोजताना हा आकडा विसरणे अप्रामाणिकपणा होईल. मतपेटीतून आलेल्यांना बंदुकीने घालवले की पुढच्या पिढीतल्या तरुणाला मतपेटीचे महत्त्व पटवून सांगायला कोणी उरत नाही. अल्जीरियात हे आधीच घडले होते. १९९१ च्या डिसेंबरात पहिल्या फेरीत इस्लामी आघाडीने १८८ जागा जिंकल्या, जानेवारीत लष्कराने निवडणूकच रद्द केली, आणि पुढची दहा वर्षे देश रक्तात न्हाला.

ट्युनिशियाच्या एन्नाहदा पक्षाने इजिप्तकडे पाहून वेळीच पाऊल मागे घेतले. २०११ मध्ये २१७ पैकी ८९ जागा मिळाल्यावर त्यांनी दोन धर्मनिरपेक्ष पक्षांना बरोबर घेतले. मार्च २०१२ मध्ये, घटनेत शरीयतचा उल्लेख करण्याचा आग्रह सोडला आणि ‘देशाचा धर्म इस्लाम’ हे १९५९ चे जुने कलम आहे तसे ठेवणे मान्य केले. २०१३ मध्ये दोन विरोधी नेत्यांच्या हत्या झाल्या, देश पेटण्याच्या बेतात होता. तेव्हा कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, वकील आणि मानवाधिकार संघटना या चौघांनी मध्यस्थी केली. जानेवारी २०१४ मध्ये घटना मंजूर झाली आणि एन्नाहदाने सत्ता सोडली. त्या चौघांना २०१५ चे शांतता नोबेल मिळाले. मे २०१६ च्या अधिवेशनात तर पक्षाने धर्मप्रचाराचे काम पक्षापासून वेगळेच काढले. मशिदीत प्रवचन देणारा पक्षाचा पदाधिकारी असणार नाही, असा नियम केला. आमच्या वाचनात या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी ठराव आहे.

पण ठरावाने नोकऱ्या येत नाहीत. बेकारी हटली नाही, सरकारे बदलत राहिली, आणि जागा ८९ वरून ६९, तिथून ५२ वर आल्या. पक्षाच्या आतही पाणी मुरत होते. अध्यक्षाला सलग दोनच मुदती असा नियम असताना राशिद घन्नुशी यांना आणखी मुदत द्यावी का, यावर २०२० मध्ये शंभरेक नेत्यांनी विरोधाचे पत्र लिहिले. २५ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली, तेव्हा रस्त्यावर लोकांनी जल्लोष केला. दोन महिन्यांत एन्नाहदाच्या ११३ पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. एप्रिल २०२३ मध्ये घन्नुशींना अटक झाली. तडजोड करणाऱ्याचीही अशीच गत होणार असेल तर तडजोड का करावी, हा प्रश्न आज अरब जगातल्या प्रत्येक इस्लामी पक्षाच्या बैठकीत उभा आहे. या चळवळींची पुढची दिशा बरीचशी त्याच्या उत्तरावर ठरेल.

मोरोक्कोत पक्षांच्या डोक्यावर लष्कर नाही, राजवाडा आहे. राजा स्वतः ‘अमीर अल-मोमिनीन’, श्रद्धावंतांचा प्रमुख. त्यामुळे धर्माच्या नावाने राजापेक्षा वर जाताच येत नाही. परराष्ट्र आणि गृह खात्याच्या किल्ल्याही राजवाड्याकडेच. न्याय आणि विकास पक्षाने २०११ मध्ये १०७ आणि २०१६ मध्ये १२५ जागा जिंकल्या. २०२१ मध्ये राहिल्या १३. ज्यांना पक्षाचा विरोध होता अशा गोष्टी त्याच्याच हातून झाल्या. विज्ञानाचे विषय फ्रेंचमधून शिकवण्याचा कायदा त्यांच्याच सरकारच्या काळात झाला. डिसेंबर २०२० मध्ये इस्राएलशी संबंध जोडण्याच्या कागदावर सही त्यांच्याच पंतप्रधानांची. निवडणुकीच्या गणिताचा नियम त्यांना तोटा होईल असा बदलला गेला हेही खरे, पण जो कार्यकर्ता घरोघर हिंडत होता तोच या वेळी घरी बसला. सत्तेत आहोत पण सत्ता हातात नाही, अशा जागी दहा वर्षे काढली की मतदाराला सांगण्यासारखे काही उरत नाही.

सीमाभागातल्या वाचकाला यात अनोळखी काही वाटू नये. महाराष्ट्र एकीकरण समिती आणि हे पक्ष यांच्या उद्दिष्टांचा काडीचाही संबंध नाही. सांगतो आहोत ते घडणीबद्दल. अस्मितेच्या एका प्रश्नावर उभी राहिलेली, त्यागाने बांधलेली संघटना गटार, पाणी, रस्ता विचारणाऱ्या मतदाराला काय उत्तर देते, आणि निर्णय जिथे होतो ते दार आपल्या हातात नसताना किती काळ निष्ठा टिकवते, हे आपण इथे पाहिले आहे. २०१३ मध्ये समितीच्या पाठिंब्यावर दोन आमदार होते. २०१८ मध्ये आणि २०२३ मध्ये एकही नाही. अशा संघटनेचे दुखणे आपल्याला बाहेरच्यापेक्षा लवकर कळायला हवे.

तुर्कस्तानची गोष्ट उलटी. इस्लामी नेते नेजमेत्तिन एर्बाकान यांचे पक्ष एकामागून एक बंद केले गेले. त्यांचा रेफाह पक्ष १९९६ मध्ये सत्तेत आला, फेब्रुवारी १९९७ मध्ये लष्कराने दाब टाकला, जून १९९७ मध्ये पंतप्रधानपद गेले, जानेवारी १९९८ मध्ये पक्षावर बंदी आली. यातून शिकून तरुण गटाने २००१ मध्ये एकेपी (तिथला न्याय आणि विकास पक्ष) काढला. जाहीरनाम्यात इस्लामी राज्य नव्हते. युरोपीय संघाचे सदस्यत्व, व्यापार आणि स्वच्छ कारभार होता. एर्दोगान यांची ओळख इस्तंबूलचे पाणी आणि कचरा मार्गी लावणारा महापौर अशी होती. २००२ मध्ये ३४ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या, कारण १० टक्क्यांच्या अटीमुळे बाकीच्या बहुतेक पक्षांची मते वाया गेली. पहिल्या दशकात लष्कर मागे सरले, हे या पक्षाचे खरे काम. पुढे मात्र अडथळे संपले तसा अंकुशही संपला. २०१६ चा फसलेला उठाव, मग धरपकड, २०१७ च्या सार्वमतात ५१.४ टक्क्यांवर अध्यक्षीय पद्धत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यानुसार महागाई ८५ टक्के. मार्च २०२४ च्या पालिका निवडणुकांत विरोधी पक्ष पहिल्या क्रमांकावर आला, आणि वर्षभराने इस्तंबूलचा विरोधी महापौर तुरुंगात. इथे इस्लामी चळवळ राष्ट्रवादात आणि एका माणसाच्या सत्तेत विरून गेली.

इराणमध्ये प्रश्न पक्षाचा नाहीच. बारा जणांचे पालक मंडळ, त्यातले सहा धर्मगुरू सर्वोच्च नेत्याने नेमलेले, कोण उमेदवार होऊ शकतो ते ठरवते. २०२४ मध्ये अध्यक्षपदासाठी ८० जणांनी अर्ज केले, सहा मंजूर झाले, आणि पहिल्या फेरीत मतदान सुमारे ४० टक्के. लोक मतदानाला का गेले नाहीत, ते या आकड्यांतच आहे. हमासने २००६ मध्ये १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या, त्यानंतर पॅलेस्टाइनमध्ये संसदेची निवडणूक झालेली नाही. तालिबानने तर निवडणुकीचा विषयच काढून टाकला आणि मुलींच्या माध्यमिक शाळा बंद ठेवल्या. त्याचे समर्थन कुठल्याही संदर्भाने होऊ शकत नाही.

सीरियाकडे आत्ता सगळ्यांचे लक्ष आहे. ८ डिसेंबर २०२४ रोजी दमास्कस घेणाऱ्या हयात तहरीर अल-शाम या गटाची मुळे अल-कायदात होती. इदलिबमध्ये काही वर्षे कर गोळा करणे, वीज-पाणी देणे, नाकी सांभाळणे ही कामे केल्यावर त्याने जानेवारी २०२५ मध्ये स्वतःचे विसर्जन जाहीर केले. मार्च २०२५ च्या घटनात्मक घोषणेत पाच वर्षांचा संक्रमणकाळ आणि इस्लामी न्यायशास्त्र हा कायद्याचा मुख्य स्रोत असे म्हटले आहे. त्याच महिन्यात किनारपट्टीवर अलवी समाजाची शेकडो माणसे मारली गेली. या गटाच्या नेत्याने दाढी किती कापली, कोट कोणता घातला यावर पानेच्या पाने खर्च होतात. पाहायचे ते वेगळे आहे. हत्या करणाऱ्यांवर खटले उभे राहतात का, आणि अलवी, द्रुझ, ख्रिस्ती माणसाला पोलीस चौकीत जाण्याची भीती वाटते का?

इंडोनेशियाबद्दल आपल्याकडे फार कमी छापून येते, आणि तिथे सर्वांत जास्त मुसलमान आहेत. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तिथल्या नेत्यांनी राज्यघटनेच्या मसुद्यातले, मुसलमानांनी शरीयत पाळण्याचे बंधन सांगणारे सात शब्द काढून टाकले. पूर्वेकडच्या ख्रिस्ती बेटांनी बाहेर पडू नये म्हणून. १९२६ ची नहदलातुल उलमा ही प्रचंड संघटना १९८४ मध्ये पक्षीय राजकारणातून बाजूला झाली आणि शाळा, मदरसे, दवाखान्यांकडे परतली. धर्माचा प्रभाव कमी झाला नाही, पण त्याची सगळी भिस्त एका निवडणुकीवर राहिली नाही.

आता आपल्या देशाकडे. जमात-ए-इस्लामी हिंद १९४८ मध्ये वेगळी संघटना झाली. सार्वभौमत्वाच्या त्याच सिद्धांतामुळे ती बरीच वर्षे आपल्या सदस्यांना मतदान करू देत नव्हती. ती बंदी उठली आणि २०११ मध्ये याच वर्तुळातून वेल्फेअर पार्टी निघाली, राज्यघटनेच्या चौकटीत निवडणूक लढवणारी. विचारातले हे अंतर मोठे आहे आणि ते मौदुदींच्या पुस्तकांवर पांघरूण घालून पार होणार नाही. जमातने ते जाहीरपणे, लेखी मांडायला हवे. बांगलादेशातल्या जमातने १९७१ मध्ये देशाच्या स्वातंत्र्याला विरोध केला होता, तिच्यापुढेही तो हिशोब असाच उभा आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने तिची नोंदणी परत दिली, पण त्या वर्षीच्या भूमिकेची निःसंदिग्ध कबुली कुठल्याही न्यायालयातून मिळत नाही.

याउलट १० मार्च १९४८ रोजी मद्रासला स्थापन झालेली इंडियन युनियन मुस्लिम लीग हा समाजाचा पक्ष आहे, इस्लामी राज्य मागणारा नव्हे. १९७९ मध्ये सी. एच. मोहम्मद कोया केरळचे मुख्यमंत्री झाले. बाबरी पाडल्यावर लीगने सत्ता आणि शांतता दोन्ही सोडली नाही, त्यासाठी पक्षात फूट सोसली. एमआयएमच्या मागण्या आरक्षण, शिष्यवृत्ती, पोलिसी अन्याय अशा आहेत. तिच्या भाषणांबद्दल तक्रार असू शकते, आमचीही आहे, पण तिची जात ब्रदरहुडची नव्हे. २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेच्या ५८ जागांपैकी तिला एक मिळाली, हुबळी-धारवाडमध्ये तीन. सप्टेंबर २०२२ मध्ये पॉप्युलर फ्रंटवर पाच वर्षांची बंदी आली, तो पुन्हा निराळा विषय. पॉप्युलर फ्रंटशी जोडला जाणारा एसडीपीआय हा पक्ष त्या बंदीच्या यादीत नव्हता.

आणि ज्याचा या कशाशीच संबंध नाही असे प्रश्नही याच पोत्यात भरले जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये विजापूर जिल्ह्यातल्या होनवाडच्या शेतकऱ्यांचा वक्फ नोटिसांवरून जो क्षोभ झाला, तो जमिनीच्या उताऱ्यातल्या अकराव्या रकान्याचा, महसूल खात्याच्या नोंदींचा प्रश्न होता. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने नोटिसा मागे घ्यायला सांगितल्या. शेतकऱ्याची भीती खरी होती, तिचे उत्तर तहसीलदाराच्या दप्तरात होते. मार्च २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने रद्द केलेल्या टूबी प्रवर्गाच्या, म्हणजे मुसलमानांच्या चार टक्के आरक्षणाचा वाद हा मागासलेपण कसे मोजायचे याचा वाद आहे. मुसलमान समाजातल्या सुधारणेचा आग्रह धरणारी परंपरा तर मराठीतच आहे. २२ मार्च १९७० रोजी हमीद दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, त्याआधी १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधान भवनावर नेला. मुसलमान म्हणजे एकच मत, असे लिहिताना ती सात माणसे पुसली जातात.

आपल्या संपादकीय विभागाला आमच्या काही सूचना आहेत. बातमीत ‘मुस्लिम संघटना’ असे मोघम न लिहिता संघटनेचे पूर्ण नाव द्यावे, आणि ती निवडणूक आयोगाकडे नोंदलेला पक्ष आहे, धार्मिक संस्था आहे की बंदी असलेला गट, हे पहिल्या परिच्छेदातच यावे. निवडणुकीची परदेशी बातमी असेल तर जागांबरोबर मतांची टक्केवारी आणि एकूण मतदान छापावे, कारण ३४ टक्क्यांवर दोन तृतीयांश जागा मिळतात तेव्हा ‘लाट’ हा शब्द चुकीचा ठरतो. इस्लामी पक्ष हरल्याच्या बातम्याही जिंकल्याच्या बातम्यांइतक्याच ठळक द्याव्यात, मोरोक्कोच्या १२५ वरून १३ ची बातमी मराठीत किती जणांनी वाचली असेल? जमात, लीग, एमआयएम यांच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांना बोलावून पक्षांतर्गत निवडणूक कशी होते, स्त्रियांना कोणत्या समितीत मत आहे, बिगर-मुस्लिम सदस्य होऊ शकतो का, हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे जशीच्या तशी छापावीत. अन्य समाजांच्या धार्मिक-राजकीय संघटनांनाही हेच विचारावे.

शेवटची विनंती छायाचित्रांबद्दल. दमास्कस किंवा ढाक्याच्या बातमीसोबत बेळगावच्या ईदगाहवरील नमाजाचे, किंवा निपाणी-संकेश्वरकडच्या उरुसाचे जुने छायाचित्र जागा भरायला वापरू नये. ज्या गावांत मोहरमचे पंजे मराठा आणि लिंगायत घरांतूनही उचलले जातात, तिथली माणसे त्या बातमीचा भाग नाहीत. छायाचित्र मिळाले नाही तर त्या देशाचा नकाशा छापावा.

कळावे,

आपले,
राज्यशास्त्र व इतिहासाचे काही अध्यापक
बेळगाव, खानापूर, निपाणी